नऊचा टँकर

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती, तर स्वतःला इतकं वाईट कशाला दाखवलं असतं?

१४ मे २०१९. मंगळवार. आष्टी तालुक्यातली, आमच्या सोसायटीची चारा छावणी.

भुताचं म्हटलं की लोकांना रात्र लागते. हे सगळं भरदुपारी घडलं. अजूनही दुपारीच घडतं.

त्या वर्षी गावात माणसांनाच पाणी नव्हतं, तर जनावरांना कुठलं? दोन बैल, एक गाय आणि दहा महिन्यांची लेक घेऊन आम्ही नवरा-बायकोने छावणीत पाल टाकलं होतं. तिथे घड्याळ कुणी बघायचं नाही. टँकर रोज सकाळी नऊला यायचा, आणि सगळा दिवस त्याच्यावरच मोजायचा. टँकरच्या आधी भाकरी, टँकर गेल्यावर धुणं.

त्या दिवशी नऊला टँकर आलाच नाही. जिथे भरायचा तिथे लाईट नव्हती म्हणे.

आला तो बारा वाजून दहा मिनिटांनी.

मला मिनिटासकट माहीत आहे. लेक कडेवर किरकिर करत होती आणि मी रांगेत उभी राहून सारखी मोबाईलवर वेळ बघत होते.

टँकर दिसला तशी झुंबड उडाली. आमच्या शेजारच्या पालातली छबुबाई नळी टाकायला टँकरवर चढली आणि घसरली. खालच्या फुटक्या बॅरलचा पत्रा तिच्या मांडीत घुसला.

"काय न्हाई, खरचटलंय!" ती खालूनच ओरडली. "माझा नंबर हाय, कुनी मधी घुसू नका!"

सगळे हसले. मीही हसले. तिचा नवरा शहादेव धावत आला, त्याने जखमेत हळद भरली आणि फडकं आवळून बांधलं.

एक वाजता आमच्या बैलाने ह्यांना मारलं. शिंग थेट जांघेत.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कुणाची तरी जीप. माझ्या दोन्ही हातांखाली गरम रक्त. रस्त्याकडेचा एक छोटा खाजगी दवाखाना. डॉक्टर जखम दाबून धरत होते, सिस्टर सलाईन लावत होती.

तेवढ्यात मोटरसायकल थांबली. दोघांच्या मध्ये बसवून छबुबाईला आणलं होतं. फडकं काळं पडलेलं. ओठ पांढरे. ती आता काही बोलत नव्हती.

डॉक्टरांच्या ट्रेमध्ये एक इंजेक्शन होतं. रक्ताची गाठ धरली की ती विरघळू न देणारं, रक्तस्राव आवरणारं. एकाच माणसापुरतं उरलं होतं. अँब्युलन्स यायला अजून तास होता.

डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघितलं. मग छबुबाईकडे.

"हिला जास्त गरज आहे," ते म्हणाले. "किती वाजता लागलं? तीन तासांच्या आत असेल तरच देता येईल. नंतर दिलं तर अपाय होतो."

शहादेवने हात जोडले. "टँकर आला तवा, सायेब."

"छावणीचा टँकर नऊला येतो, सर," सिस्टर म्हणाली. "आमची म्हैस तिथंच आहे."

डॉक्टरांनी भिंतीवर बघितलं. दोनला दहा कमी.

"नऊला? म्हणजे पाच तास होत आले. नक्की ना?"

"आसंल सायेब... मला काय कळतंय आता? तुमी काय तरी करा!"

मला कळत होतं.

मी बी.एस्सी. झालेली बाई. बारा दहा ते दीड पन्नास... दोन तासही झाले नव्हते.

मी तोंड उघडलं. ह्यांचे डोळे मिटत चालले होते. लेक माझा पदर ओढत होती.

मी तोंड मिटलं.

इंजेक्शन ह्यांना दिलं. हे वाचले.

छबुबाई नगरच्या वाटेवर, अँब्युलन्समध्येच गेली.

"फार उशीर केलात हो," डॉक्टर शहादेवला म्हणाले होते. तो मान खाली घालून ऐकत होता.

ह्यांना घरी आणलं, जनावरंही परत आणली. टाके काढले, जखम भरली.

मग एका मंगळवारी दुपारी मी भांडी घासत होते. अचानक वाटलं, काहीतरी कमी झालंय...

पंखा फिरत होता. त्याचा आवाज येत नव्हता.

गाय मान हलवत होती. घुंगरू वाजत नव्हतं.

आणि मग... दाराबाहेरून...

"टँकर कवा आलता ओ बाई?"

मी धावत बाहेर गेले. कुणी नव्हतं. उंबऱ्यापुढची माती तेवढी ओली होती. त्या वर्षी अंगणात पाणी कोण सांडणार?

आत आले, तर ह्यांचा पायजमा जांघेपाशी लाल झालेला.

मोबाईल बघितला. बारा वाजून दहा मिनिटं.

डॉक्टरांनी दोनदा तपासलं. जखम बंद. रक्ताचे रिपोर्ट नीट. "मग हे येतं कुठून?" मी विचारलं. ते पुन्हा रिपोर्टच चाळत बसले.

पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्याही. हे पिवळे पडत चालले.

"बाहेरचं हाय काय तरी," माझ्या सासूबाई, केसरबाई, म्हणाल्या. "कुनाचं मन दुखवलंस का गं?"

"नाही," मी म्हणाले.

पाचव्या मंगळवारी लेकीला घेऊन मी शहादेवच्या गावी गेले. एकटाच राहत होता. दारात बसून दोर वळत होता. मला बघून उठला, पाणी दिलं.

"पावनं कसं हायेत आता?"

"बरे आहेत."

"बरं झालं, ताई. एक तरी वाचलं."

तो पुन्हा दोर वळायला बसला. तेवढ्यात त्याच्या हातातल्या दोराची करकर ऐकू येईनाशी झाली. हात मात्र चालूच होते...

आतून, अंधाऱ्या खोलीतून...

"टँकर कवा आलता ओ?"

शहादेवने मानही वळवली नाही.

"नऊला, छबे. नऊला आलता. पड गप."

मग मला म्हणाला, अगदी साधेपणाने, "रोज इचारती. रोज सांगतो. तरी तिला पटत न्हाई. माझंच चुकलं ताई, लई उशीर केला मी."

"बारा वाजून दहा मिनिटांनी," मी म्हणाले.

"काय?"

"टँकर त्या दिवशी उशिरा आला होता. बारा दहाला. मी... मी वेळ बघितली होती."

आत सगळं शांत झालं. इतकं शांत, की लेकीने माझी मान घट्ट धरली.

शहादेवने दोर खाली ठेवला.

"दवाखान्यात ठावं व्हतं तुमाला?"

मी उत्तर दिलं नाही. लेकीला उचललं आणि चालू लागले. मागून कुणी हाक मारली नाही.

त्यानंतर आवाज थांबला. ह्यांची पट्टी कोरडी राहायला लागली, मग निघालीच. हे शेतात जायला लागले. लेक शाळेत जाते आता. ह्यांना मी यातलं काहीही सांगितलेलं नाही. कसं सांगू? कुणाच्या वाट्याचं इंजेक्शन टोचून घेऊन तुम्ही वाचलात, हे नवऱ्याला कसं सांगायचं?

वाटलं, संपलं.

गेल्या मंगळवारी दुपारी हे जेवायला बसले होते. घास हातातच थांबला.

"अगं, दारात ती बाई कोण? मघापासून उभी आहे. उन्हात तोंड नीट दिसत नाही."

मी वळून बघितलं नाही.

"काय विचारतेय?"

"काहीच नाही. नुसती तुझ्याकडे तोंड करून उभी आहे, उत्तराची वाट बघितल्यासारखी. ओळखीची आहे का?"

पंखा फिरत होता. आवाज येत नव्हता.

"मला काय माहीत," मी म्हणाले, आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढायला वाकले.

जांघेपाशी, पायजम्यावर... लाल ठिपका उमटत होता.

आज सोमवार आहे.