उजव्या बाजूचे एक्क्याण्णव पौंड

ऑक्टोबरमधली दोनशे फेऱ्यांची शर्यत सहा आठवड्यांवर आली, तसं आम्ही दर शनिवारी सकाळी सातला गाडी काट्यावर चढवायला लागलो. चार चाकांखाली चार चपटे काटे, त्यांच्या वायरी एका पेटीत, पेटीवर पाच आकडे: चार चाकांचे चार आणि खाली एकूण. आधी टायरची हवा बघायची, मग टाकीतलं पेट्रोल, मग हेल्मेट घालून लॉनीनं खिडकीतून आत शिरायचं. या गाड्यांना उघडणारं दार नसतंच. ड्रायव्हर आत बसल्याशिवाय वजनाला काही अर्थ नाही.

आमच्या मिलर्स गॅपच्या ट्रॅकवर गाडी फक्त डावीकडे वळते, त्यामुळे जमेल तेवढं वजन डावीकडे हवं. उजवीकडे एक पौंड जास्त झाला तरी गाडी वळणावर बाहेर ओढते, आणि तिथे सिमेंटची भिंत आहे. माझं काम एवढंच: शिशाच्या विटा इकडून काढायच्या, तिकडे बोल्टनं आवळायच्या आणि आकडे जुळवायचे. चाळीस वर्षं मी फर्निचरच्या कारखान्यात यंत्रं जुळवली. माणसांपेक्षा आकड्यांशी माझं बरं जमतं.

लॉनी शूमेट माझ्या बहिणीचा नवरा. वय एक्कावन्न. आठवडाभर कोंबड्यांच्या खाद्याचा ट्रक चालवतो आणि शनिवारी शर्यत. या मोठ्या शर्यतीत तो दोनदा दुसरा आला, पहिला कधीच नाही. माझी बहीण डोव्ही मार्चमध्ये गेली. त्यानंतर लॉनी उन्हाळाभर गाडीला शिवलाच नाही. ऑगस्टच्या शेवटी एक दिवस माझ्या दाराशी येऊन म्हणाला, "व्हर्न, काटे काढ बाहेर. एकदा शेवटची मारू." मला इतका आनंद झाला की मी काहीतरी खेकसलो.

पहिल्या शनिवारी सगळं ठीक होतं. दुसऱ्या शनिवारी उजवी बाजू अकरा पौंड जास्त भरली.

मी हवा तपासली. स्प्रिंगा तपासल्या. काटे अदलाबदल करून पाहिले. गाडीखाली आडवा होऊन चिखल खरवडला, तो मूठभर निघाला. लॉनी बाहेर येऊन सँडविच खात उभा होता. रिकाम्या गाडीतही उजवीकडे अकरा पौंड जास्तच.

"तूच जाड झालास," मी वैतागून म्हणालो.

"मी? पॅन्ट बघ माझी, गळतेय."

शेडमध्ये बटाट्याची पोती मोजायचा जुना काटा होता. लॉनी त्यावर उभा राहिला. आठवड्यापूर्वी एकशे अठ्ठ्याण्णव होता, आता एकशे सत्त्याऐंशी. अकरा कमी.

"गाडीला दिलेस वाटतं," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं हसलो. मी उजवीकडची अकरा पौंडांची वीट काढून फळीवर ठेवली.

तिसऱ्या शनिवारी, काढलेली वीट धरून, उजवीकडे तेवीस जास्त भरले. लॉनी एकशे पंचाहत्तर. या वेळी कुणी हसलं नाही.

उजव्या बाजूला आत काही नाही. सीट नाही, पट्टा नाही, नुसता पत्रा आणि लोखंडी पाइप. मी हात घालून पत्रा चाचपला. सकाळ गार होती, इंजिन चालू केलेलं नव्हतं, बाकी सगळं लोखंड बर्फ होतं. तेवढा परातीएवढा भाग कोमट होता, नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखा.

मी हात काढून घेतला. लॉनी माझ्याकडेच बघत होता.

"तिथेच बसायची ना ती?" तो म्हणाला.

तिथेच बसायची. इतकी वर्षं प्रत्येक वजनाला डोव्ही टॉर्च घेऊन आत घुसायची आणि त्या पत्र्यावर उकिडवी बसून लॉनीशी गप्पा मारायची. मी दर वेळी ओरडायचो, "उतर गं, माझे आकडे बिघडतायत!" आणि ती म्हणायची, "दादा, मला वजा कर की. शाळेत शिकवलं नाही का तुला?"

"लॉनी, डॉक्टरकडे जा," मी म्हणालो.

"जाऊन आलो. रक्त चांगलं आहे, लघवी चांगली आहे. शेंगाभाजी आणि मक्याचा पाव दाबून खातोय. झोपतोय. मार्चनंतर पहिल्यांदा झोपतोय, व्हर्न."

ते खरं होतं. गालफडं आत गेली होती, पण डोळे त्याचे होते, जुने. गाडीत बसला की कुणीतरी बोलतंय आणि आपण ऐकतोय अशी मान उजवीकडे किंचित कलवायचा. मी काय बोलतोय हे त्याला दोनदा सांगावं लागायचं. चर्चमध्ये बायका मला टोमणे मारत होत्या: "मेहुण्याला उपाशी मारतोस की काय रे?" 

चौथ्या शनिवारी चौतीस. लॉनी एकशे चौसष्ट. शर्यतीचा अंगरखा त्याच्या खांद्यांवरून ओघळत होता.

"बस्स झालं," मी म्हणालो. "गाडी विकू. नाहीतर जाळू."

"शेवटी किती भरली होती ती?"

"कोण?"

"सोंग करू नकोस. दर गुरुवारी तूच न्यायचास दवाखान्यात."

सहा महिने कुणी मला हे विचारलं नव्हतं, आणि तो आकडा मी कुणाला सांगितलाही नव्हता. "एक्क्याण्णव," मी म्हणालो.

"म्हणजे अजून सत्तावन्न. तेवढे झाले की ती सगळी इथे आली. मग थांबेल."

"तुझ्यातून सत्तावन्न गेले तर तू उरशील का, गाढवा?"

त्यानं खांदे उडवले. त्याला खरंच फरक पडत नव्हता. मला मात्र पडत होता. बहीण गेली होती, आता हाही जाणार होता, आणि तोही हसत हसत. त्याला थांबवणं माझ्या हातात नव्हतं. मग मी जे हातात होतं ते केलं. जाकीट काढलं, पोट आत ओढलं आणि खिडकीतून आत शिरलो. मी तेव्हा दोनशे चाळीस पौंडांचा होतो. लॉनीला मला पायांकडून ढकलावं लागलं.

"चरबी माझ्याकडे भरपूर आहे," मी म्हणालो. "बरीचशी तिच्याच हातच्या जेवणाची."

तासभर बसलो. काही ऐकू आलं नाही, काही दिसलं नाही. फक्त उजव्या गुडघ्याला ऊब लागत राहिली, आणि थोड्या वेळानं मला रडू आलं. मी रडत बसलो आणि लॉनी बाहेर पान्हे पुसत राहिला. उतरलो तेव्हा उजवीकडचे जास्तीचे पौंड चौतीसचे अडतीस झाले होते.

त्यानंतर मी रोज सकाळी बसायला लागलो. लॉनीला जरुरीपुरतंच बसू दिलं. खरं सांगतो, ते दिवस चांगले होते. मी तिला सगळं सांगितलं, आईच्या घराचं काय झालं ते, मी तिच्या शेवटच्या गुरुवारी उशिरा का पोचलो ते. शर्यतीच्या आदल्या गुरुवारी लॉनी एकशे बावन्न भरला आणि मी एकशे पंच्याण्णव. त्याचे सेहेचाळीस गेले, माझे पंचेचाळीस. उजवीकडची शेवटची वीट मी फळीवर ठेवली. फळीवरच्या विटांची बेरीज बरोबर एक्क्याण्णव.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. लॉनीनं टोपी काढली.

"झालं," तो म्हणाला. "आता थांबेल."

शुक्रवारी गाडी ट्रॅकवर नेली. लॉनीनं सराव केला आणि घड्याळात त्याची वेळ सगळ्यांत चांगली आली. संध्याकाळी नेहमीप्रमाणे फाटक उघडलं आणि गावातली माणसं पोरांना घेऊन गाड्या बघायला आली. पावसाची भुरभुर होती, फार कुणी आलं नाही. लॉनीला मूल नाही, पण पोरं त्याला चिकटतात. मी फोटोच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन उभा होतो. तो एकेकाला उचलायचा, खिडकीतून आत बसवायचा, स्टिअरिंग हातात द्यायचा, आणि बाहेर काढून कार्डावर सही करून द्यायचा. आठ कार्डं गेली.

शनिवारी सकाळी तपासणीच्या शेडमध्ये गाडी ट्रॅकच्या काट्यावर चढली. तिथला तपासनीस गेदर माझा जुना दोस्त. आधी गाडी रिकामी मोजतात, मग ड्रायव्हरसकट.

"व्हर्न, काल तू दिलेल्या आकड्याहून आठ जास्त आहेत," गेदर म्हणाला. "सगळे उजवीकडे. म्हातारपणी बेरीज विसरलास का?"

"परत बघ."

त्यानं परत बघितलं. आठच.

मी लॉनीला तिथल्याच एका सुट्या काट्यावर उभं केलं. एकशे बावन्न. मी उभा राहिलो. एकशे पंच्याण्णव. गुरुवारचेच आकडे. आमच्या दोघांतून काहीच गेलं नव्हतं.

"नव्व्याण्णव," मी हळूच म्हणालो. "थांबली नाही रे ती."

लॉनीचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"व्हर्न, ती बरी होतेय! एक्क्याण्णव आजारपणातले. आधी किती होती? आठव."

आठवायची गरज नव्हती. पहिल्या गुरुवारची दवाखान्याची चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे. एकशे एकतीस. अजून बत्तीस.

"पण हे आठ कुणाचे?" मी विचारलं.

त्यानं ऐकलं नाही. गाडी ढकलत तो बाहेर निघाला होता.

ऊन पडलं होतं. फाटक उघडलं होतं. मोठ्या शर्यतीला अख्खा जिल्हा लोटतो. लॉनीच्या खिडकीपाशी रांग लागली, आणि पहिली होती गुलाबी बुटांची एक मुलगी. ती कालही आली होती. तिच्या बापानं तिला काखेत धरून उचललं.

"परत बसायचंय म्हणून हट्ट धरलाय हिनं," तो मला म्हणाला. मग त्यानं तिला जरा वर झुलवलं आणि कपाळाला आठी घातली. "काय गं? अशी हलकी काय लागतेस आज?"

माझ्या हातातली कार्डं खाली पडली.

आठ पोरं. आठ पौंड.

लॉनीनं हात पुढे केले होते. मुलगी हसत होती. तिला आत सोडू नकोस, एवढंच मला ओरडायचं होतं. मी तोंड उघडलं.

माझी धाकटी बहीण होती ती. शेवटच्या गुरुवारी मी तिला गाडीतून दवाखान्यात उचलून नेलं तेव्हा माझ्या हातांना काहीच लागलं नव्हतं.

मी कार्डं गोळा केली.

मुलगी खिडकीतून आत गेली. लॉनीनं तिचे हात स्टिअरिंगवर ठेवले, आणि तिनं मान किंचित उजवीकडे कलवली.

मग मी रांग मोजली. ती टायरच्या ढिगामागे वळली होती, म्हणून पुढे जाऊन शेवटपर्यंत मोजली. अडतीस पोरं होती. बत्तीसपेक्षा सहा जास्तच.