सांता इरियाची मुलगी

पेटी उघडी होती आणि आतली मूठभर हाडं नाहीशी झाली होती.

परीक्षितच्या तोंडचं पाणी पळालं. केंब्रिजच्या ज्या छोट्या संग्रहालयात तो नोकरीला होता, तिथून ही पेटी त्याने फोटो काढायला घरी आणली होती, तीही नियम धाब्यावर बसवून. उद्या सकाळी सांता इरियाचे लोक ती न्यायला येणार होते. नोकरी गेली की व्हिसाही जाणार, आणि देवयानीला तर आठवा महिना.

पोलिसांना सांगायची सोय नव्हती. त्याने कॉव्हेंट्रीला देवयानीच्या वीणामावशींना फोन केला. हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यापासून मावशींना दुसऱ्यांच्या भानगडी सोडवायचा नाद होता. जेवणाच्या वेळेला त्या हजर.

"कुणाची रे हाडं?"

"एका मुलीची. सांता इरिया कॅनरी बेटांवर आहे, मावशी. आज नगरपालिका आहे तिथे. पाचशे वर्षांपूर्वी स्पेनमधल्या कास्तीलचे सैनिक उतरले, गुहांतल्या लोकांना गुलाम म्हणून विकलं, त्यांच्या जमिनीत ऊस लावला. मग द्राक्षं, आता हॉटेलं. तोच माझा थीसिस. हे मटेरियल एका इंग्रज डॉक्टरने गुहेतून उचलून आणलं."

"मटेरियल," मावशी पुटपुटल्या.

स्टडीचं कुलूप शाबूत होतं. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर. म्हणजे चोर घरातलाच.

"देवयानी, तुला काही जाणवलं?"

"रडणं, मावशी. लहान मुलीचं, स्टडीतून. परीक्षित म्हणतो, जानेवारीत इथे कोल्हिणी तशाच ओरडतात."

"अजून येतं?"

"सोमवारपासून एकदम बंद."

"सोमवारी आणखी काय झालं?"

"विशेष काही नाही. आई गार्डनमधून आल्या आणि एवढ्या थंडीत डोक्यावरून आंघोळ केली. मी रागावलेसुद्धा."

आई म्हणजे परीक्षितची आई, सुप्रभाताई. बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या. जुन्या साडीची दुपटी शिवत बसल्या होत्या.

"किती झाली शिवून?"

"पाच."

ढिगात चार होती.

"इथली नदी पाहिलीत?"

"शनिवारी नेणार आहे परीक्षित. वाहती आहे ना हो ती?"

मावशी खिडकीशी गेल्या. बाहेर सफरचंदाचं निष्पर्ण झाड. त्याला दाण्यांची भांडी टांगलेली, आणि त्यांच्याच रांगेत कापडात बांधलेला एक डबा. पाखरं त्याच्याकडे फिरकत नव्हती.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! परीक्षित, तुझी हाडं त्या झाडावर आहेत."

"काय?"

"अस्थी आपण घरात ठेवत नाही. विसर्जनापर्यंत बाहेर झाडाला टांगतो. अस्थींना हात लागला, म्हणून डोक्यावरून आंघोळ. पाचवं दुपटं डब्याभोवती आहे. आणि शनिवारी वाहती नदी. खरं ना, सुप्रभाताई?"

सुई थांबली.

"ती रडत होती हो. घरात पोटुशी बाई, आणि हा त्या पोरीला पेटीत कोंडून फोटो काढतोय. म्हटलं, बिचारीचं कुणी नाही. मीच सोडवते."

"आई, तिचं गाव आहे! उद्या तिला न्यायला येताहेत. ते लोक आपली माणसं पाण्यात सोडत नसत, कोरड्या गुहेत जपून ठेवत. तू नदीत सोडलं असतंस तर ती कधीच घरी पोचली नसती."

सुप्रभाताईंनी सुई खाली ठेवली.

"हे मला कधी सांगितलंस? मला तर मटेरियल म्हणालास."

परीक्षितला भयंकर लाज वाटली. तो बाहेर जाऊन डबा काढून घेऊन आला.

सुप्रभाताईंनी हाडं दुपट्यात गुंडाळून पेटीत परत ठेवली. तो दुपटं काढायला लागला तेव्हा आईने त्याचा हात धरला.

"असू दे. नाव काय रे हिचं?"

"माहीत नाही. जिंकणाऱ्यांची सगळी नावं सापडतात."

"पण मावशी," देवयानी हळूच म्हणाली, "कोल्हीणच होती, तर सोमवारीच कशी थांबली?"

प्रत्येक प्रश्नाला उत्तर असलेल्या वीणामावशी आपला कोट शोधायला लागल्या.

सुप्रभाताई पेटीवर वाकल्या. झाकण लावण्याआधी त्यांनी दुपट्याचं टोक नीट आत खोचलं.

"उद्या घरी जायचंय हं, बाळ."