रूपरावजींच्या फोटोतले खांदे

पटो न पटो, हे घडलंय. अल्लीपुरात, यंदाच्या वैशाखात. गुंजन तिथेच राहते, तिला विचारा.

गुंजन धीरजदादाच्या स्टुडिओत फोटोशॉप शिकत होती. लॅसोनं चेहरा कापायला जमलं होतं, इरेझरनं कडा मऊ करायलाही. आता खरं काम कधी मिळतं असं तिला झालं होतं; उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी गत.

त्यात शेजारचे रूपरावजी वारले. तेरवीत मांडायला धड फोटो नाही. फक्त आधार कार्डावरचा चेहरा.

"पोरी, पांढऱ्या सदऱ्यात बसवून दे त्याह्यले," त्यांच्या बायकोनं, शकुंतलाबाईंनी सांगितलं.

अशा वेळी धीरजदादा कॉम्प्युटरमधलं एखादं तयार धड जोडायचा. पण तो वर्ध्याला गेला होता, आणि गुंजनला त्या धडांचे खांदेच पसंत पडेनात. तिनं मोबाइलमधला स्वतःच्या बाबांचा पांढऱ्या सदऱ्यातला फोटो घेतला. बाबांचा चेहरा खोडला. तिथे रूपरावजींचा ठेवला.

इतका चपखल बसला की तिलाच कसंतरी झालं.

त्या संध्याकाळी बाबा जेवता जेवता थांबले. मान चोळू लागले...

"गळ्याभोवती काय जळजळ करून राह्यलं?"

तिनं पाहिलं. काहीच नव्हतं.

तेरवीच्या दुपारी शकुंतलाबाईंनी फोटोला ओला हार घातला. पंगतीत बसलेले बाबा दचकले...

"छातीवर गार काऊन लागून राह्यलं मले?"

सदरा भिजला होता. झेंडूचा वास येत होता.

गुंजननं हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. जित्या बापाला हार घातला गेला होता, आणि तोही तिच्या हातच्या कामामुळे! ती स्टुडिओत धावली. दुसरं धड जोडून नवा फोटो आणला, शकुंतलाबाईंना म्हणाली, "काकू, पयला बिघडला होता." जुना तिनं नदीत सोडला.

बाबांची जळजळ थांबली. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात शकुंतलाबाई पितळी गंजात ताक घेऊन आल्या. बाबा खाटेवर पाठमोरे बसले होते. वळलेही नाहीत...

"शकू, म्हैस बांधली का?"

शकुंतलाबाईंच्या हातून गंज पडला. सगळं ताक ओसरीभर झालं. त्यांना शकू म्हणणारा माणूस एकच होता.

"कोण आलं वं?" बाबांनी आईला विचारलं. आता आवाज त्यांचाच होता.

बाबा ठणठणीत आहेत. शेतात जातात, दोन घास जास्तच खातात. पण रोज घरी आले की गुंजन त्यांना दारातच अडवते.

"बाबा, माहं नाव काय?"

ते हसतात, तिचं नाव घेतात.

काल मात्र ते हसले... आणि तसेच उभे राहिले.