आखाजीपर्यंतची शेड

शेडच्या दारात सुनंदाला आधी दोन पाय दिसले. बाकीचा माणूस एका लोखंडी यंत्राखाली होता.

"हाई काय शे?"

"पापड लाटायचं यंत्र," पाय म्हणाले. "शेठनं सांगितलं."

सन एकाहत्तरची गोष्ट. जळगावात पारसमल शेठची डाळमिल. उडदाची डाळ निवडता निवडता सुनंदानंच शेठला गाठलं होतं— "डाळ विकता, तर पापडही विका. बाया मी आणते." शेठनं बारदानाची शेड दिली, पण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणापर्यंतच. तोवर रोजचे हजार पापड झाले नाहीत, तर शेडमध्ये पुन्हा बारदान नि बारा बाया घरी. महिना झाला, गाडं सातशेच्या पुढे जाईना.

आणि आता हे यंत्र!

सुनंदा अशी भडकली, की शेडचा पत्रा तापून वरची कबुतरं एकेक पाय उचलून नाचायला लागली. खोटं वाटत असेल तर झिपरू हमालाला विचारा. तो आता नाही, पण विचारा.

"बाहेर ये!"

अभिमन मिस्तरी बाहेर आला. शिंदखेड्याचा, मिलच्या यंत्रांच्या कामाला आलेला. गालावर काळं ग्रीस, डोळे मात्र… सुनंदानं घाईनं नजर पान्याकडे वळवली.

"माझ्या बायांच्या पोटावर पाय देतोस?"

"शेठ नुसता निमित्ताला, तुझ्या हातांसाठी केलं!" तोही तडकला. "महिनाभर बघतोय. पीठ कुटून कुटून तळव्यांना फोड आलेत. संध्याकाळी डबा धरता येत नाही तुला—"

"महिनाभर… बघतोस?"

"मिल लहान आहे," तो पुटपुटला.

"फोड कशानं आले म्हणालास?"

"कुटून."

"मग लाटायचं यंत्र कशाला केलंस, शहाण्या? लाटताना आम्ही गाणी म्हणतो, सासवांना शिव्या देतो! खांदे जातात ते कुटताना!"

पाना उचलून अभिमननं रागारागानं स्वतःचंच यंत्र खोललं.

चार दिवस दोघं नुसती भांडली. "मुसळ उंच घे!" "तू पीठ घट्ट भिजव!" पाचव्या दिवशी त्याच यंत्राचं लोखंडी मुसळ धाडधाड चालू लागलं नि बठ्ठ्या, बाराही बाया लाटत सुटल्या. आखाजीच्या आदल्या दिवशी पापड भरले बाराशे. शेठ बारदान दुसरीकडे टाकायला सांगून निघून गेला.

"झालं तुझं काम," सुनंदा फणकारली. "आता जाशील शिंदखेड्याला."

"जाऊ?"

तिनं कुटलेल्या पिठाची एक लाटी घेतली, तेलात बुडवली. तळव्यावरचे फोड कधीच बसले होते…

"आणि मुसळाला रोज तेल कोण घालणार, तुझा बाप? तोंड उघड!"