कर्नल बारीक करताना

हसा खुशाल, पण ऐका. आमच्या घरात भूतखेत कुणी मानत नाही, मी तर त्याहून नाही. बेळगावात मी इलेक्ट्रॉनिक बोर्ड प्रोग्रॅम करायची नोकरी करते. निपाणीला आईकडं गेलते ती एका पेटीच्या एवढ्याशा दुरुस्तीसाठी.

भीमरत्न, माझा धाकटा भाऊ, गेल्या वर्षी कोगनोळीजवळ हायवेवर अपघातात गेला. त्याआधी त्यानं आईसाठी एक पेटी केलती. रोज दुपारी ती त्याच्या आवाजात बोलायची, "आई, गोळी घे." हृदयाची गोळी. ती चुकली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि आई ती फक्त त्या आवाजावरच घ्यायची. मी सांगून सांगून दमले. काल गोळीनंतर पेटीतला बोर्ड जळाला. आवाजाची फाईल तेवढी वाचली. माझ्याकडच्या नव्या बोर्डची मेमरी लई लहान, त्यात लिनक्सचा कर्नल, म्हणजे सगळं चालवणारा गाभा, मावेना.

"कर्नल बारीक करतेय," मी आईला म्हणाले.

"मिलिट्रीतला व्हय गं? उपाशी मारू नको त्येला."

कर्नलमधनं प्रिंटरचा भाग काढला, कॅमेऱ्याचा काढला, ब्लूटूथचा काढला. तरी मावेना. मग वैतागून दिसेल ते काढत सुटले. कंपाईल केलं, म्हणजे उरलेलं नव्यानं जोडून घेतलं, मावला एकदाचा. पेटीत बसवला. बाहेर रखरखीत ऊन, वखारीकडून तंबाखूचा उग्र वास येत होता. लाईट गेलेली, पंखा बंद. पेटी बॅटरीवर होती.

"आई… गोळी घे."

आईचा चेहरा उजळला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मग लॅपटॉपवर नजर गेली आणि काढलेल्या भागांची यादी मी पुन्हा वाचली. वैतागाच्या भरात मी आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारा भागच काढून टाकलेला. पेटीला बोलता येणं शक्यच नव्हतं.

"आक्का," पेटी हळू म्हणाली. हे त्यानं कधीच रेकॉर्ड केलं नव्हतं. "अजून थोडं काढ… जागा पुरंना."

"भीमा?" मी कुजबुजले. "अरं, मावलास की तू…"

"मी मावलो गं. आईला जागा कर."

मी बॅटरीची वायर ओढून काढली. बोर्डवरचा दिवा विझला. गोळी आईच्या ओठांशी नेली. "घे गं, आज माझ्यासाठी घे…"

तिनं माझा हात हळूच बाजूला सारला. बंद पेटीकडं बघत म्हणाली, "आले रं."

लॅपटॉपला मी हात लावला नव्हता. तरी तिथं कर्नल पुन्हा बारीक होत होता, आईपुरती जागा करत.