जुल्फिकारशेठची जपानी उशी

"पासपोर्ट गेला!"

सकाळी सातला ही आरोळी उठली, तेव्हा हैबती जमादार आधीच तापलेला होता. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

कारण पोलादपूरचं जपान लॉज. मालक जुल्फिकारशेठ बोटीवर नोकरीला होता तेव्हा कोबे बंदरातल्या एका स्वस्त गेस्ट हाऊसात चार रात्री झोपला, आणि डोक्यात जपान घेऊन परतला. चपला बाहेर, पलंग नाही, जमिनीवर चटया, प्लायवूडची सरकती दारं. छत इतकं खाली, की उंदरानंही वाकून चालावं. आणि उशीत कापूस नव्हे, कापडे गावच्या भातगिरणीतलं तूस! कान टेकला की उशी अशी करकरे, की वर महाबळेश्वरातल्या माणसानं विचारावं, खाली पापड कोण खातंय?

पोलिसातून पेन्शनीत निघालेला हैबती महाबळेश्वरचा घाट बंद म्हणून इथे अडकला होता. पहाटे पलीकडच्या खोलीत भात पाखडल्यागत सळसळलं, तेव्हा त्यानं उंदराला आईवरून शिवी हासडली होती.

पासपोर्ट त्याच खोलीतल्या उबेदचा. शेठचा भाचा, कुवेतला अरबांचे झगे शिवणारा. नऊच्या बसनं मुंबई, रात्री विमान.

"जमादार, तुम्ही जागे होता ना? उबेदचं दार किती वेळा उघडलं?" शेठनं विचारलं.

"एकदाच. उजाडता तुमची कामवाली तुळसा झाडायला गेली तेव्हा. तुमचं दार म्हशीगत हंबरतं, चुकेल कसं?"

तो बोलतो न बोलतो तोच शेठची पाच बोटं तुळसाच्या गालावर उठली. "चोरटी! घाला जेलात हिला!" दारातल्या टपरीवर चहा पिणारे ड्रायव्हर उठून बघू लागले.

हैबतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्याच साक्षीनं बाईला मार बसला होता.

"हात खाली! पोलीस आले तर तुला नेतील पहिला. तुळसा, आत काय झाडलंस?"

"तूस. मूठभर. उशाला पडलेलं."

"उशी फाटलेली?"

"फाटंल कशी? सगल्या मी शिवल्यात. काल मांडताना बघितली हाय ना!"

"मग तूस आलं कुठनं?"

"त्येच सांगत व्हते! ऐकतंय कोण?"

हैबती भाच्याकडे वळला. "पासपोर्ट कुठे ठेवलेलास?"

"उशाखाली."

"झोप लागली?"

"पडल्या पडल्या. मेल्यागत."

"मेलेल्याची उशी पहाटे सळसळते होय रे? आण ती इकडं."

उबेद हलला नाही. हैबतीनंच आत जाऊन उशी आणली आणि सगळ्यांपुढे धरली.

"बघ, शेठ. ही तुळसाची शिलाई. गोधडीचा धावदोरा, रोप लावल्यागत अंतर सोडून. आणि हा कोपरा बघ. हातानं घातलेली टीप, पण मशीन मारल्यागत बारीक. रात्रभर दार उघडलं नाही, म्हणजे ही आतल्या माणसानं घातली. पहाटे मी उंदराला शिव्या दिल्या, तो उंदीर हा. उशी उसवली, पासपोर्ट आत सारला, तेव्हा मूठभर तूस सांडलं. अंधारात दिसलं नाही. मग बसला जवळच्या सुईनं चाचपत शिवायला. तुळसासारखं विरळ शिवलं असतं तर सुटला असता! पण शिंप्याचा हात तो. त्याला वाईट शिवता येईना."

उबेद मामाकडे वळला. "तिकडं एका खोलीत सोळा माणसं झोपतो, मामू. मला नाय जायचं परत. तुम्हाला नाय म्हणायची छाती नव्हती."

"ते तुझं दुःख," हैबती गरजला. "पण बाईच्या थोबाडीत बसली तेव्हा तुझी जीभ कुठं शिवलेली?"

आता शेठचा हात भाच्यावर उठला. मधे तुळसा आली. तिनं दातानं टीप तोडली, तुसातनं पासपोर्ट काढला आणि शेठच्या छातीवर आपटला.

"त्याला मागनं मारा. चोर मला टपरीवाल्यांम्होरं बोललात ना? आता चोर नाय, ते बी तिथंच बोला."

नऊची बस आली, हॉर्न देऊन उबेदविना गेली. शेठ अनवाणीच रस्त्यावर उभा होता.

"तुळसा चोर नाय," तो पुटपुटला.

टपरीच्या बाकावर चहा फुंकत बसलेला हैबती म्हणाला, "ऐकू नाही आलं. घाटात जाऊ दे आवाज!"