कोरा नग

खोडकाढे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. जुनी खेळणी जमवणाऱ्या मंडळींनी निम्म्या कौतुकाने आणि निम्म्या रागाने ते त्यांना चिकटवलं होतं, आणि आता पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारायचा. सुपरहीरोंच्या जुन्या ॲक्शन फिगर तपासून त्यांचा दर्जा ठरवणं हा त्यांचा धंदा. चहा पिण्याआधी कपाचं बूड उलटं करून बघणाऱ्या माणसाला याहून शोभेल असं काम दुसरं कुठलं असणार? "अजून मला भिंगाखाली घेतलं नाही, हे माझं नशीब," असं त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

त्यांची एक सवय मात्र सगळ्यांना ठाऊक होती. दिसलेला दोष ते मोठ्याने बोलून दाखवत. समोर कुणी नसलं तरी बोलत. बोलल्याशिवाय दोष पक्का होत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि या धंद्याची बोलीही अशी की परक्या माणसाला वाटावं, आजाऱ्याबद्दल चाललंय. खांदा सैल झाला की नगाने 'हात टाकला'. गुडघे उभं राहू देईनात की 'पाय गळाले'. सगळे दोष बोलून झाले की शेवटी एक शब्द: जीर्ण, बरा, उत्तम किंवा कोरा. कोरा म्हणजे साच्यातून आत्ताच निघालेला, ज्याच्याशी कधी कुणी खेळलंच नाही असा. हा शब्द खोडकाढ्यांच्या तोंडून काढणं म्हणजे दगडातून पाणी काढण्यासारखं होतं. पण शेवटचा शब्द एकदा दिला की आधीचे दोष कुणी विचारत नसे.

त्या दुपारी एक बाई आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, केस घाईत बांधलेले, छातीशी टॉवेलची गुंडाळी.

"तुम्हीच ते बाहुले तपासता ना?"

"फिगर," खोडकाढे म्हणाले. "बसा."

टॉवेलातून वादळवीर निघाला. निळा पोशाख, पिवळा मुखवटा, लाल केप. एके काळी घरोघरी असायचा, म्हणूनच धड राहिलेला नग सहसा सापडत नाही. याच्या घोट्यावर दातांच्या खुणा होत्या.

"विकायचाय का?"

"छे हो! यांचा आहे, लहानपणापासूनचा. चावलाय पण यांनीच." बाई जराशा हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "हे अंथरुणाला खिळलेत. डॉक्टरांना काही सापडत नाही. आणि सकाळपासून एकच धोशा लावलाय, त्याला दाखवून आण, त्याला दाखवून आण. मला वाटलं, गुंगीत बडबडतायत. पण ऐकेचनात. शेवटी भावजींना त्यांच्याजवळ बसवलं आणि आले."

'दाखवून आण' म्हणे! खोडकाढ्यांना गंमत वाटली. आपल्याला डॉक्टर करून टाकलंय. त्यांनी सुती हातमोजे चढवले, दिवा जवळ ओढला आणि वादळवीराला उचललं. तो जरा कोमट लागला. टॉवेलात होता, म्हणून असेल.

मुखवट्याखालचे गाल भिंगातून फिकट दिसत होते.

"चेहऱ्याचा रंग उडालाय," ते म्हणाले.

बाईंचा फोन वाजला. खोली लहान, त्यामुळे पलीकडच्या दिराचा आवाज खोडकाढ्यांनाही ऐकू येत होता. "वहिनी, दादा एकदम पांढराफटक पडलाय गं. आत्ताच. बोलता बोलता."

"पाणी द्या त्यांना. फोन ठेवू नका," बाई म्हणाल्या आणि फोन स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला. "तुम्ही चालू द्या हो. लवकर आटपा."

आजारी माणूस पांढरा पडणारच, त्यात नवल कसलं? खोडकाढे पुढे सरकले. उजवा दंड वर केला, सोडला. तो लोंबला.

"उजवा हात टाकलाय."

फोनमधून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. "पेला पडला," दीर म्हणाला. "वहिनी, त्याचा उजवा हात उचलतच नाहीये. दादा, अरे बोटं तरी हलव!"

बाईंनी खोडकाढ्यांकडे पाहिलं. खोडकाढ्यांनी भिंगाकडे पाहिलं. योगायोग एकदा होतो, दोनदाही होतो, असं त्यांनी स्वतःला बजावलं. तीस वर्षं ते डोळ्यांना दिसेल त्यावरच भरवसा ठेवत आले होते, आणि आता ऐकू आलेल्यावर विश्वास ठेवायला त्यांचा जीव राजी नव्हता. त्यांनी वादळवीराला टेबलावर उभं केलं. त्याचे गुडघे हळूहळू वाकले आणि तो बसला. सवयीने शब्द तोंडातून निघून गेले.

"पाय गळालेत."

"वहिनी, त्याला पायच जाणवत नाहीयेत म्हणतोय! मी डॉक्टरांना बोलावतो. तू निघ आधी, निघ!"

बाई उठल्या नाहीत. त्यांना कळलं होतं. चेहरा ओढलेला, पण आवाज थंड होता.

"तुम्ही बोललात, की तिथे होतंय."

"ताई, असं काही नसतं."

"मग मागे घ्या. बघू."

खोडकाढ्यांनी आयुष्यात कधी उच्चारलेला दोष मागे घेतला नव्हता. त्यांनी घसा साफ केला. "पाय... पाय ठीक आहेत. मी चुकलो."

दोघेही फोनकडे बघत राहिले.

"भावजी, पाय?"

"नाही गं. तसेच आहेत."

खोडकाढे आता घाबरले. नग टॉवेलात गुंडाळून परत द्यावा आणि दार लावून घ्यावं, असं त्यांना फार वाटलं. त्यांनी वादळवीराला उचललं, आणि उचलतानाच त्याचं डोकं छातीवर कलंडलं. मानेचा सांधा पार गेला होता.

त्या दोषालाही शब्द होता. रोजच्या बोलण्यात माणसाबद्दल तो शेवटीच वापरतात. तो त्यांच्या जिभेवर येऊन बसला.

त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "मानेचं काय?"

त्यांनी नुसती मान हलवली.

फोनमधून श्वास ऐकू येऊ लागला. दिराचा नव्हे. जड, घरघरता. एक आला. मग बऱ्याच वेळाने दुसरा.

"दादा? दादा, इकडे बघ."

"बोलू नका," बाई कुजबुजल्या. "नका बोलू." आणि मग, तिसरा श्वास येईना तेव्हा, त्या ओरडल्या, "अहो, काहीतरी चांगलं बोला ना!"

शेवटचा शब्द अजून दिला नव्हता. शेवटच्या शब्दापुढे दोष उरत नाहीत.

उत्तम म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण घाबरलेला माणूस हात आखडता घेत नाही.

"नग कोरा आहे!" खोडकाढे मोठ्याने म्हणाले. "एकदम कोरा!"

हातमोज्यात बारीकसं टक् झालं. वादळवीराची मान सरळ होती.

त्यांनी भिंग लावलं. गालांवर रंग होता. घोट्यावर दातांची खूण नव्हती.

"वहिनी!" दिराला रडू फुटलं होतं. "उठून बसला! अगं, उभा राहिला! स्वतःच्या पायांवर!"

बाईंनी तोंडावर पदर धरला आणि त्या हमसून हमसून रडल्या. खोडकाढ्यांचेही डोळे भरून आले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच खोटा दर्जा दिला होता, आणि कुठल्याही खऱ्या दर्जाने त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

"दाखवा ना मला, भावजी. कॅमेरा लावा."

पडद्यावर एक माणूस दिसला. टवटवीत, ताठ उभा. कपाळावर आठी नाही, डोळ्यांच्या कोपऱ्यात सुरकुती नाही.

"अहो," बाई म्हणाल्या. "अहो, मी आहे."

तो बघत होता.

"दादा, वहिनी आहे," दीर म्हणाला. "बोल ना तिच्याशी."

तो बघतच होता.

"थकलेत हो," बाई खोडकाढ्यांना म्हणाल्या. डोळे पुसत हसल्या. "हात तरी हलवा. उजवा. बघू दे मला."

त्याने हात वर केला. एकदम खांद्यापासून, कोपर न वाकवता. तळवा कॅमेऱ्यासमोर आला.

"बघा, हलवला!" बाईंनी फोन आनंदाने खोडकाढ्यांपुढे धरला. "हलवला की नाही?"

खोडकाढ्यांनी बघितलं. सवयीने जवळून बघितलं. तळव्यावर एकही रेष नव्हती. फक्त कडेने, करंगळीच्या टोकापासून मनगटापर्यंत, एक सरळ, बारीक रेघ गेली होती. साच्याचे दोन अर्धे भाग जिथे जुळतात तिथे उरते, तशी.